चार एकरांतला हरवलेला एकर

शेतजमिनीच्या एकाच गटाची मोजणी मी दोनदा केली. पहिल्यांदा २००५ मध्ये, सरकारी भूकरमापक म्हणून. दोन भावांची वाटणी झाली होती आणि पोटहिस्सा पाडायचा होता. दुसऱ्यांदा २०२२ मध्ये, निवृत्तीनंतर. तेव्हा त्याच पोटहिश्शाच्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीच्या बांधावर, एक भिंत उभी राहत होती आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी मला निरोप आला होता, "मूळ दगड तुम्हालाच ठाऊक आहेत, तुम्हीच या." खासगी मोजणीला कायद्यात किंमत नाही, हे मी दोघांनाही आधीच सांगितले. त्यांना दगड कुठे होते तेवढे दाखवून हवे होते. मला त्या जमिनीचे पुढे काय झाले ते पाहायचे होते.

गाव छत्रपती संभाजीनगरच्या कडेचे आहे. गावाचे, गटाचे, माणसांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच कुटुंबांची कागदपत्रे अजून अर्धवट आहेत. जमिनीचे भावही देत नाही. भाव सांगितला की बोलणे भावावरच अडकते. इथला सगळा हिशेब क्षेत्रफळाचा आणि वेळेचा आहे.

झालर

सत्तरच्या दशकात सिडकोने, म्हणजे शहरे वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, जुन्या औरंगाबादच्या पूर्वेला नवे शहर आखले. एन-१, एन-२ असे आपण म्हणतो ते भाग तेच. रेल्वे स्टेशनजवळची औद्योगिक वसाहत, मग चिकलठाणा, मग वाळूज, मग शेंद्रा अशी कारखान्यांची रांग वाढत गेली आणि तिच्यामागे मराठवाड्यातली माणसे शहराकडे येत गेली. सिडकोचे भाग २००६ मध्ये महापालिकेकडे गेले. त्याच वर्षी शहराभोवतीच्या २८ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. त्या पट्ट्याला नाव पडले झालर क्षेत्र. साडीला झालर लावतात तशी शहराला लावलेली. पुढे सातारा आणि देवळाई त्यातून वगळली गेली. त्या दोन गावांची २०१४ मध्ये नगर परिषद झाली, ती अल्पजीवी ठरली आणि २०१६ पर्यंत दोन्ही गावे महापालिकेत आली. उरलेल्या २६ गावांपैकी एक आपले.

विकास आराखडा येणार म्हणून २००६ मध्ये कळले. तो मंजूर होऊन जमिनीवर लागू व्हायला वर्षांमागून वर्षे गेली. प्रकरणाचे मूळ या मधल्या वर्षांत आहे.

दोन भाऊ

२००५ मध्ये त्या गटात आठ एकर जिरायत होती. वर हातभर काळी, खाली मुरूम. कपाशी आणि मध्ये तुरीचे पाटे. वडील वारल्यानंतर भावांनी भांडण न करता वाटणी केली होती, आणि तसे मोजणीच्या वेळी क्वचितच पाहायला मिळते. फितीचे एक टोक थोरल्याने धरले होते, दुसरे धाकट्याने. पूर्वेचे चार एकर थोरल्याला, पश्चिमेचे चार धाकट्याला. दगड रोवले, नारळ फोडला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली चहा झाला. जमीन वर्ग एकची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणारी होती, ही त्या घराची मोठी जमेची बाजू. आसपासच्या काही गटांवर निजामाच्या काळात निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश इनामाची नोंद होती. तिथे परवानगी आणि सरकारला भरायच्या नजराण्याशिवाय विक्री होत नसे आणि नजराणा निम्म्या किमतीइतका असे. तो ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला २०२४ मध्ये. तोवर अशा जमिनी बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर, विकल्या गेल्या होत्या आणि कागद जितका कच्चा तितका तिथला प्लॉट स्वस्त असे.

थोरला पूर्णपणे शेतीवर. दोन मुलींची लग्ने व्हायची होती, बोअर दोनदा कोरडा गेला होता. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. स्वभावाने दोघे सारखेच, सावध आणि शब्दाचे पक्के. एकाला महिन्याला पगार होता, दुसऱ्याला नव्हता, आणि पुढच्या सतरा वर्षांत दोघांच्या जमिनींचे जे झाले त्याचा उलगडा मला बहुतांशी या एका फरकात सापडतो.

थोरल्याकडे २००९ मध्ये प्लॉटिंगवाला आला. करार सोपा होता. एकरी ठरलेली रक्कम, ती चार हप्त्यांत. सात-बारा थोरल्याच्याच नावावर राहील, प्लॉट पाडायचा आणि विकायचा अधिकार करारनाम्याने प्लॉटिंगवाल्याकडे. दसऱ्याच्या आधी जेसीबी आला, बाभूळ गेली, शेतात फक्कीच्या रेघा पडल्या. वीस बाय तीसचे प्लॉट, मध्ये पंधरा फुटांची गल्ली.

"आमी एकरानं दिली, त्यानं फुटानं इकली," थोरला मला २०२२ मध्ये म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, झालेले व्यवहार आठवून सांगत होता. मुलींची लग्ने त्या पैशात झाली.

धाकट्याने आराखडा लागू होईपर्यंत वाट पाहिली. मग आर्किटेक्ट, मोजणीचा नकाशा, नाहरकत दाखले, अकृषिक आकारणी, तात्पुरती मंजुरी, रस्ते आणि नाल्या बांधल्यावर अंतिम मंजुरी. अर्जापासून अंतिम मंजुरीपर्यंत त्याची तीन वर्षे गेली. आराखड्यासाठी थांबलेली वर्षे यात धरलेली नाहीत.

एकर कुठे गेला

आता दोन्ही चार एकर शेजारी शेजारी ठेवून पाहू. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. चार एकर म्हणजे १,७४,२४० चौरस फूट.

थोरल्याच्या बाजूला पाठीला पाठ लावून तीस फूट खोलीचे दोन प्लॉट, मग पंधरा फुटांची गल्ली, पुन्हा दोन प्लॉट. म्हणजे दर पंचाहत्तर फुटांत साठ फूट विक्रीचे. आडव्या गल्ल्या वजा केल्या की शंभरातले साधारण ७८ फूट विकले जातात. मैदान नाही, बाग नाही, विजेच्या डीपीसाठी राखलेली जागा नाही. चार एकरांत सहाशे फुटांचे २२६ प्लॉट.

धाकट्याच्या बाजूला आतला रस्ता किमान नऊ मीटरचा, म्हणजे साडेएकोणतीस फुटांचा. एकूण जमीन चार हजार चौरस मीटरपेक्षा जास्त असल्याने दहा टक्के ओपन स्पेस सोडणे बंधनकारक. ट्रान्सफॉर्मरची जागा, कोपऱ्यावरच्या गोलाया. सगळे वजा जाता शंभरातले जेमतेम ५५ फूट विक्रीला उरतात. त्याने तीस बाय चाळीसचे प्लॉट पाडले, ऐंशीच्या आत-बाहेर.

७८ आणि ५५ मधला फरक चार एकरांवर ४०,००० चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास ३७ गुंठ्यांचा पडतो. पूर्ण एकरापेक्षा फक्त तीन गुंठे कमी. थोरल्याच्या रानातून गायब झालेला हा एकर म्हणजे मुलांचे मैदान, वळणारा टँकर, रुग्णवाहिकेचा रस्ता आणि पावसाच्या पाण्याची वाट. तो कुणी खिशात घातला, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. प्लॉटिंगवाल्याने, असे उत्तर चटकन येते आणि ते अर्धेच खरे आहे. त्या वर्षी त्याच रस्त्यावर पाच-सहा ठिकाणी फक्की पडली होती. गिऱ्हाईक एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जात होते आणि भाव एकमेकांना पाहून खाली येत होते. म्हणजे त्या एकरातला बराच हिस्सा कमी भावाच्या रूपाने प्लॉट घेणाऱ्यालाच मिळाला. मैदान सोडून दिले आणि त्या बदल्यात छप्पर मिळवले, असा सौदा झाला. कुणी तो मोठ्याने बोलून दाखवला नाही, एवढेच.

यात वेळेची भर घाला. आपल्याकडे खासगी पैसा दोन रुपये शेकड्याने मिळतो, महिन्याला. वर्षाला चोवीस. सरळव्याजाने धरले तरी तीन वर्षांत शंभराचे एकशे बहात्तर होतात. म्हणजे तीन वर्षे थांबलेल्या माणसाला तेवढ्याच मोबदल्यासाठी पावणेदोनपट भाव मिळाला पाहिजे. त्याला विकायला जागाही कमी आहे, तेव्हा ७८ भागिले ५५, म्हणजे आणखी १.४ पट. दोन्ही गुणले की जवळपास अडीचपट होतात. रस्त्याचे डांबर, नाली, खांब आणि फी यांचा खर्च अजून मांडलेलाच नाही. (गुंठेवारीचा, म्हणजे थोरल्याच्या रानासारख्या बिनमंजुरीच्या लहान प्लॉटांचा पैसाही हप्त्याहप्त्याने येतो, त्यामुळे प्रत्यक्षात ही पट थोडी कमी भरेल. दिशा तीच राहते.)

प्लॉट दुप्पट मोठा आणि फुटाचा भाव अडीचपट. घ्यायला आलेल्या माणसासमोर एकूण रक्कम उभी राहते ती पाचपट.

थोरल्याच्या बाजूला प्लॉट घेणारे कोण होते, हे मी घरोघरी बसून ऐकले. वाळूजला कंत्राटावर असलेले कामगार, शेंद्र्याला रात्रपाळीचे वॉचमन, मोंढ्यातले हमाल, रिक्षावाले, आणि २०१२ च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, गेवराईकडून बिऱ्हाड उचलून आलेली कुटुंबे. बँक त्यांना कर्ज देत नव्हती, कारण बॉण्ड आणि इसार पावतीवर बँक कर्ज देत नाही. हप्ते प्लॉटिंगवालाच बांधून देई. एका मावशींनी मला ती वही दाखवली. निळ्या शाईत महिना, रक्कम, सही. चार वर्षांत एकही महिना चुकलेला नव्हता. पाचपट रकमेच्या लेआउटमध्ये या मावशी कधीच उभ्या राहू शकल्या नसत्या. ही माणसे कायदा मोडायला आली, असे कुणी माझ्यासमोर म्हटले की मला राग येतो. मंजूर लेआउटमधला जो प्लॉट त्यांच्यासमोर होता, तो त्यांच्या ऐपतीच्या पाचपट होता.

नंतर आलेले बिल

स्वस्तात मिळालेल्या प्लॉटचे पैसे पुढे फिटत राहिले, फक्त एकरकमी दिसले नाहीत. प्रत्येक घराने आपला सेप्टिक टँक खणला. ज्यांना जमले त्यांनी बोअर घेतला, आणि वीस फुटांच्या दर्शनी रुंदीत बोअर आणि सेप्टिक टँक एकमेकांपासून लांब ठेवता येत नाहीत. गल्लीत मुरूम टाकायला वर्गणी, विजेच्या खांबाला वर्गणी, उन्हाळ्यात टँकर. ग्रामपंचायतीने नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नावे लावली आणि घरपट्टी घेतली, त्या पावतीवर वीजजोडणी मिळाली. पाणी मात्र नळाने आले नाही. जायकवाडीवरून शहराला येणारे पाणी शहरातच कित्येक दिवसांच्या अंतराने सुटत होते. १,६८० कोटींची नवी योजना २,७४० कोटींवर गेली ती आधी शहराची तहान भागवण्यासाठी.

मोजणीवाल्याच्या नजरेला इथे एक गोष्ट वेगळी दिसते. दाट वस्तीला नळ आणि नाली पुरवणे खरे तर स्वस्त पडते. थोरल्याच्या गल्लीत घराची दर्शनी रुंदी वीस फूट, दोन्ही बाजूंना घरे, म्हणजे एका घरामागे दहा फूट पाइप. धाकट्याच्या लेआउटमध्ये दर्शनी तीस फूट, म्हणजे घरामागे पंधरा फूट. गुंठेवारीत पाइप कमी लागतो. अडते ते रुंदीपाशी. कागदावर पंधरा फुटांची गल्ली मी मोजली तेव्हा पायऱ्या, ओटे, पाण्याच्या टाक्या धरून कुठे अकरा भरली, कुठे साडेदहा. तिच्यात नालीसाठी खोदकाम करणारे मशीन शिरत नाही, आणि हाताने खोदायचे तर दोन्ही बाजूंच्या भिंतींचे पाये उघडे पडतात.

२००९ मध्ये ती गल्ली पंधराऐवजी वीस फुटांची ठेवायची असती तर समोरासमोरच्या प्रत्येक प्लॉटमधून अडीच फूट जागा गेली असती. अडीच गुणिले वीस, पन्नास चौरस फूट. सहाशेतला बारावा हिस्सा, आणि तोही मोकळ्या मातीचा. आज तेच पन्नास फूट घ्यायचे तर जिना पाडावा लागतो. बऱ्याच घरांचा संडास दर्शनी भागात आहे, तोही पाडावा लागतो. मावशींच्या घराची पुढची खोली तेवढ्यातच बसलेली आहे.

नकाशाची भीती

थोरल्याला मी विचारले, "धाकट्यासारखं तुम्ही का नाही थांबलात?" पगाराचे कारण मला ठाऊक होते. त्याने दुसरेच सांगितले.

"साहेब, नकाशा येणार म्हणायले होते. आपल्यावर काय पडतंय कुणाला ठावं? मैदान पडलं तर मैदान, रस्ता पडला तर रस्ता. मंग जमीन ना इकता येती ना कसता येती. त्याच्या आदी मोकळं झालेलं बरं."

हे मी नोकरीत शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यात चूक काढता येत नाही. आराखड्यात एका शेताला पिवळा रंग लागतो, ते रहिवासी होते आणि त्याची किंमत एका रात्रीत वाढते. त्याला लागून असलेले हिरवे राहते. तिसऱ्यावर शाळा, मैदान किंवा दवाखान्याचे आरक्षण पडते आणि त्याला गिऱ्हाईकच उरत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते, आणि त्यानंतरही चोवीस महिने वाट पाहावी लागते. बारा वर्षे. थोरल्याच्या मुलींची लग्ने बारा वर्षे थांबणार नव्हती. टीडीआर, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क, मिळतो म्हणावे तर ज्या गावात दुमजली घरही नवे, तिथे तो घेणार कोण?

मैदान सगळ्या गावाला हवे असते आणि त्याची किंमत मात्र एकाच्या सात-बाऱ्यातून वजा होते. तेव्हा नकाशा येण्याची बातमी कळताच शहाणा शेतकरी आधी फक्की मारून घेतो. ज्या जागेवर आरक्षण टाकायचे तिथे आराखडा येईपर्यंत घरे उभी असतात. मग आरक्षण उरलेल्या मोकळ्या शेतावर सरकते, म्हणजे जो थांबला त्याच्यावर. धाकट्याच्या बाबतीत ते टळले, पण त्याच्या पश्चिमेचा एक शेतकरी त्यात सापडला.

यावर कायद्यातच एक तोड आहे, नगररचना योजना. एका पट्ट्यातल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते, मैदाने, शाळा यांसाठी प्रत्येकाकडून सारख्या प्रमाणात वाटा कापायचा, आणि उरलेला आखीव भूखंड ज्याचा त्याला परत द्यायचा. रस्ता कुणाच्याही रानातून गेला तरी तोटा सगळ्यांत वाटला जातो. मुंबई इलाख्यात असा कायदा १९१५ पासून होता आणि गुजरातने तो आजवर भरपूर वापरला. शेतकऱ्यांनी आपणहून एकत्र येण्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्टा सिटी उभी राहिली ती सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून. आपल्याकडे शेंद्रा-बिडकीनला ऑरिकसाठी दहा हजार एकरांच्या घरात जमीन सरकारने संपादन करून आखली. रस्ते, नाल्या, वीज आधी आणि भूखंड नंतर, असा क्रम तिथे पाळला गेला. ती कारखान्यांची नगरी. त्याच कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याच्या सहाशे फुटांसाठी तो क्रम कुणी लावला नाही, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

तारीख

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, तेव्हा त्याची अंतिम तारीख होती १ जानेवारी २००१. थोरल्याची फक्की त्यानंतर आठ वर्षांनी पडली. म्हणजे ते २२६ प्लॉट कायद्याच्या बाहेर. एकट्या शहरातच ११८ गुंठेवारी वसाहती मोजल्या जात होत्या, झालर वेगळी. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली आणि ते आत आले. त्याच वर्षी जुलैत नोंदणी विभागाने एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवणे थांबवले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकण्यावरची बंदी, आणखी शिथिल केली.

प्रत्येक निर्णयामागे खरी माणसे होती आणि त्यांना दिलासा मिळाला. मावशींचा प्लॉट नियमित होऊ शकला तर मला आनंदच आहे. पण प्लॉटिंगवाला यातून काय शिकतो, हेही पाहावे लागते. तो आज गिऱ्हाइकाला सांगतो, "तारीख पुढं सरकतेच." गिऱ्हाईक विश्वास ठेवते, कारण ती सरकलेली त्याने पाहिली आहे. त्यामुळे कच्च्या कागदाच्या प्लॉटचा भाव पडत नाही आणि धाकट्यासारख्या थांबणाऱ्याला थांबण्याचा मोबदला मिळत नाही.

दुसरा हिशेब

तीस वर्षे फीत धरल्यावर माझे म्हणणे एवढेच उरले आहे की, पाचपट हा आकडा फोडता येतो. सहाशे फुटांचा प्लॉट मान्य करा. त्याच्यासमोर आतली गल्ली सहा मीटरची, म्हणजे वीस फुटांची ठेवा, नऊ मीटरचा रस्ता फक्त मुख्य. दहा टक्के मैदान सोडायचेच, त्यात तडजोड नाही. शंभरातले ६४ फूट विक्रीला येतात. हरवलेला एकर ३७ गुंठ्यांवरून २२ गुंठ्यांवर येतो. मंजुरी तीन वर्षांऐवजी एका वर्षात द्या. मग ७८ भागिले ६४, गुणिले १.२४, म्हणजे दीडपट. प्लॉट तेवढाच असल्याने एकूण रक्कमही दीडपट.

पाचपटीसमोर मावशींनी मान खाली घातली असती. दीडपटीला त्यांनी विचार केला असता, दोन वर्षे हप्ता जास्त भरला असता. लहान प्लॉट आणि नेटकी वस्ती एकत्र नांदतात, हे सिडकोच्या एन भागांतल्या लहान घरांच्या रांगांमधून फिरताना दिसते. घरे छोटी आहेत, पण कोपऱ्यावर बाग आहे आणि कचऱ्याची गाडी आत येते. तिथे जमीन आधी सार्वजनिक संस्थेच्या हातात होती, झालरीत ती शेतकऱ्याच्याच नावावर राहिली. म्हणून झालरीसाठी एकत्रीकरणाची वाट धरायला हवी होती असे मला वाटते, आणि राहिलेल्या गावांसाठी ती अजून धरता येईल.

भिंत

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी पोहोचलो तेव्हा भिंत छातीएवढी आली होती. धाकट्याच्या लेआउटमधला नऊ मीटरचा रस्ता जिथे धुऱ्याला टेकतो, तिथे ती आडवी घातली होती. घालणारे लेआउटमधले रहिवासी, त्यांची नोंदणीकृत सोसायटी होती.

त्यांचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले. त्यांनी पाचपट मोजून प्लॉट घेतला होता. उतार पश्चिमेकडे, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतले सांडपाणी त्यांच्या नालीत येई. पलीकडे टँकर वळत नाही म्हणून तो त्यांच्या रस्त्यावरून येई, आणि भरलेल्या टँकरने डांबर उखडले होते. ओपन स्पेसवर संध्याकाळी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त पलीकडची. "आमच्या पैशाचं मैदान, आमच्या पैशाचा रस्ता," असे एक गृहस्थ म्हणाले, आणि हिशेबाने ते खरेच होते. सोडलेल्या एका मैदानावर दोन वस्त्या जगत होत्या.

पलीकडच्यांचे म्हणणे एका बाईंनी सांगितले. शाळा लेआउटच्या बाजूने पाच मिनिटांवर, आणि भिंत पूर्ण झाली तर पोरांना डांबरी सडकेवरून दीड किलोमीटरचा वळसा. "तुमीच सांगा, भिंत कामून घालायलेत? आमी चोर हाव का?"

मी दगड शोधले. दोन सापडले, एक गेला होता. फितीने आणि जुन्या नकाशावरून हद्द काढली. भिंतीचा पाया धुऱ्याच्या दीड फूट पश्चिमेला, म्हणजे लेआउटच्या हद्दीत होता. लेआउटवाल्यांचे चेहरे खुलले. मग मी मंजूर नकाशा उलगडला. लेआउटचे रस्ते मंजुरीच्या अटींनुसार सार्वजनिक वापरासाठी खुले ठेवायचे असतात. जमीन त्यांच्या हद्दीत होती, पण तिथे भिंत घालण्याचा हक्क त्यांना नव्हता. धाकटे गुरुजी तिथेच होते. ते म्हणाले, "त्या नकाशावर सही माझी आहे. ओपन स्पेस सोडताना मी कुणाच्या घराचा नंबर लिहिला नव्हता."

मारुतीच्या देवळात दोन संध्याकाळ बैठक झाली. तोडगा निघण्यासारखा होता. टँकरच्या प्रत्येक खेपेमागे ठरावीक रक्कम रस्त्याच्या दुरुस्तीला द्यायची, गल्लीचे सांडपाणी वेगळ्या पाइपने पुढच्या नाल्यात सोडायचे आणि त्याचा खर्च निम्मा-निम्मा. आकड्यावर दोन्ही बाजू आल्या. मग लेआउटच्या अध्यक्षांनी विचारले, तुमच्या बाजूने सही कोण करणार? पलीकडे २२६ घरे होती, सोसायटी एकही नव्हती. प्लॉट नियमित झाल्याशिवाय सोसायटी नोंदवता येईना, आणि नियमित करण्याचे अर्ज अडले होते गल्लीच्या रुंदीपाशी. थोरल्याने सही करावी असे कुणीतरी सुचवले, कारण सात-बाऱ्यावर अजून त्याचे नाव होते. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी काय राह्यली आता त्याच्यात?"

भिंत पाडली गेली नाही आणि पुरीही झाली नाही. मध्ये आठ फुटांची फट ठेवली. शाळेची पोरे त्यातून जातात, मोटारसायकल जाते, हातगाडी जाते.

मी शेवटचा गेलो तेव्हा मे महिना होता. टँकर लेआउटच्या रस्त्याच्या टोकाला उभा होता. फटीतून एक काळा पाइप पलीकडे गेला होता आणि गल्लीत बायका हंडे मांडून त्याच्या टोकाशी बसल्या होत्या. पाइप शेवटच्या घरापर्यंत पुरत नव्हता. मावशींचे घर त्या टोकाला आहे. त्यांचा नातू दोन्ही हातांत घागरी घेऊन येरझारा घालत होता. मी नकळत पावले मोजली. पाइपच्या टोकापासून त्यांच्या दारापर्यंत बेचाळीस.